बालपणी झालेल्या अत्याचाराचे दिवाणी दावे: संस्थेच्या फायली कोणी, किती आणि कधी उघडायच्या?

मैथिली_कोथरूड | सोमवार, रात्री 11:40

नमस्कार मंडळी. विषय जड आहे, पण इथे वकील, शिक्षक, समुपदेशक असे सगळेच आहेत म्हणून मांडते.

मी पुण्यात एका एलपीओमध्ये, म्हणजे परदेशी वकिलांची कामं इथे करून देणाऱ्या कंपनीत, डॉक्युमेंट रिव्ह्यूचं काम करते. अमेरिकेतल्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी एकमेकांना द्यायचे कागद आम्ही इथे रात्रपाळीत वाचतो, टॅग करतो, पुढे पाठवतो. हातातल्या कामाबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही. गोपनीयतेचा करार आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. खालचं सगळं जुन्या, जाहीर झालेल्या प्रकरणांबद्दल.

तिकडे दिवाणी दाव्यात साक्षीपुराव्याच्या कितीतरी आधी ‘डिस्कव्हरी’ चालते. वादाशी संबंध असलेले कागद समोरच्याला द्यायचे, मग ते स्वतःच्या विरुद्ध जाणारे का असेनात. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यात तर सगळा जोर इथेच असतो. अत्याचार करणारा बहुतेक वेळा मेलेला असतो, नाहीतर कंगाल. दावा संस्थेवर असतो आणि प्रश्न एकच असतो: संस्थेला कधी कळलं, आणि कळल्यावर तिने काय केलं? त्याचं उत्तर पीडिताकडे नसतं. ते संस्थेच्या कपाटात असतं.

बॉस्टनचं प्रकरण घ्या. जॉन गेओगन या धर्मगुरूवर 130 हून अधिक लोकांनी आरोप केले. त्याला 30 वर्षांत एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत राहिले. आधीचे दावे गुपचूप मिटले आणि कागद सीलबंद झाले. बॉस्टन ग्लोब या वर्तमानपत्राने कोर्टात अर्ज केला आणि नोव्हेंबर 2001 मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी फायली खुल्या करण्याचा आदेश दिला. आर्चडायोसिस, म्हणजे चर्चचा तिथला आर्चबिशपच्या हाताखालचा कारभार, अपिलात गेलं, तिथेही आदेश टिकला. जानेवारी 2002 मध्ये सुमारे 10 हजार पानं बाहेर आली. त्यात सहायक बिशप जॉन डार्सी यांनी डिसेंबर 1984 मध्ये बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना लिहिलेलं पत्र होतं. गेओगनला नव्या चर्चमध्ये नेमण्याबद्दल त्यात स्पष्ट हरकत घेतलेली होती. म्हणजे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे वाक्य त्या एका कागदावर संपलं. लॉ यांनी 13 डिसेंबर 2002 ला राजीनामा दिला.

माझं मत सरळ आहे: पीडितांची नावं काळी करा, बाकी सगळं उघडा. वरिष्ठांची नावं तर उघडाच. तुम्हाला काय वाटतं?

झुळूक | सोमवार, रात्री 11:58

पूर्ण सहमत. वाचनखूण साठवली, सकाळी नीट लिहीन.

एडिसनकर | मंगळवार, सकाळी 6:15

आम्ही 20 वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा स्काउटमध्ये होता, त्यामुळे बॉय स्काउट्सच्या फायलींचं प्रकरण मी अगदी बारकाईने वाचलं आहे.

त्यांच्याकडे 1920 च्या दशकापासून नको असलेल्या स्वयंसेवकांच्या फायली होत्या. हेतू असा की एका गावातून काढलेला माणूस दुसऱ्या गावात पुन्हा भरती होऊ नये. हेतू चांगलाच म्हणायचा. पण त्या फायली ना पालकांना दिसत, ना बहुतेक वेळा पोलिसांना. 2010 मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलंडला एका दाव्यात अशा हजाराहून जास्त फायली ज्यूरीसमोर आल्या आणि ज्यूरीने संस्थेवर 1 कोटी 85 लाख डॉलरची दंडात्मक भरपाई बसवली. पुढे त्या फायली लोकांना दाखवायच्या की नाही यावर भांडण झालं. ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये खुल्या करा म्हणून सांगितलं आणि त्या ऑक्टोबरमध्ये 1965 ते 1985 या काळातली साडेचौदा हजारांच्या आसपास पानं इंटरनेटवर आली. मुलांची आणि तक्रार करणाऱ्यांची नावं काळी केलेली.

मी आणि बायकोने रात्री बसून आमच्या राज्याच्या फायली उघडून पाहिल्या. एका फायलीत स्थानिक पदाधिकाऱ्याचं पत्र होतं, अगदी सभ्य भाषेत: या गृहस्थांनी राजीनामा दिला आहे, गावात गवगवा होऊ नये म्हणून आम्ही विषय वाढवलेला नाही. मुलांचं पुढे काय झालं, त्यांना कोणी विचारलं का, याबद्दल एक ओळ नाही. बायको उठून मुलाच्या खोलीत गेली.

संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 82 हजारांहून जास्त लोकांनी दावे नोंदवले.

प्रभाकर_सांगली | मंगळवार, सकाळी 9:30

मी 34 वर्षं शिक्षक होतो, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. मैथिलीताईंची कळकळ समजते, पण ‘बाकी सगळं उघडा’ याला माझा विरोध आहे.

फायलीत काय काय जातं हे मी पाहिलं आहे. निनावी पत्रं, संस्थेतल्या गटबाजीतून केलेले अर्ज, बदली हवी म्हणून दुसऱ्यावर उडवलेला चिखल. एडिसनकरांनी सांगितलेल्या त्या फायलींतही नुसता आरोप असलेली, कधीच सिद्ध न झालेली नावं असणार. माणूस 1972 मध्ये गेला, आणि 2012 मध्ये त्याच्या नातवंडांना इंटरनेटवर त्याचं नाव दिसलं. त्याची बाजू कोण मांडणार? पीडिताला अब्रू असते, तशी आरोप झालेल्यालाही असते. कोर्टाला दाखवा, वकिलाला दाखवा. जगाला कशाला?

मैथिली_कोथरूड | मंगळवार, दुपारी 1:05

प्रभाकरसर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि कोर्टांनीही तो विचारात घेतला आहे. नाव फायलीत असणं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हे मलाही मान्य.

पण प्रत्यक्षात नावं झाकण्याचा आग्रह कोणासाठी धरला जातो ते बघा. लॉस एंजेलिसच्या आर्चडायोसिसने 2007 मध्ये 508 जणांशी 66 कोटी डॉलरला तडजोड केली. फायली उघडायच्या, असंही त्यात ठरलं होतं. तरी पाच वर्षांहून अधिक काळ ‘कुठली नावं काळी करायची’ यावर घासाघीस चालली. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर वरिष्ठांची नावंसुद्धा झाकावीत असा निर्णय दिला होता. वर्तमानपत्रं कोर्टात गेली, आणि जानेवारी 2013 मध्ये न्यायाधीश एमिली एलियास यांनी तो निर्णय फिरवला. 31 जानेवारीला 12 हजार पानं बाहेर आली. तिथले निवृत्त आर्चबिशप कार्डिनल महोनी यांच्याकडची सार्वजनिक कामं त्याच दिवशी काढून घेतल्याचं जाहीर झालं.

म्हणजे काळा चौकोन कुणाच्या नावावर बसवायचा, हाच खरा वाद होता. बदलीच्या पत्रावर सही करणाऱ्याचं नाव झाकलं तर त्या कागदात उरतं काय?

वकील_ठाणे | मंगळवार, संध्याकाळी 7:20

चांगला धागा. थोडं आपल्याकडच्या कायद्याचं सांगतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 11 आहे. नियम 12 खाली समोरच्याकडून शपथेवर कागदांची यादी मागता येते, नियम 14 खाली ते हजर करायला लावता येतात. आदेश पाळला नाही तर नियम 21 प्रमाणे वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो किंवा प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. हातात असलेला पुरावा दडवला तर तो त्याच्या विरुद्धच होता असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 114 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम 119 आहे.

कागदावर सगळं आहे. पण व्यापारी दावे सोडले तर ऑर्डर 11 चा अर्ज आपल्याकडे कितीजण नेटाने चालवतात? तारखा पडतात, ‘सदर दस्तऐवज आढळून येत नाहीत’ असं प्रतिज्ञापत्र येतं आणि विषय तिथेच थांबतो.

दुसरी अडचण मुदतीची. मुदत कायद्याच्या कलम 6 आणि 8 प्रमाणे अज्ञानाला (18 वर्षांखालच्याला) सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. म्हणजे एकविसाव्या वर्षी दार बंद. लहानपणी झालेलं माणूस पस्तिशीत, चाळिशीत बोलू लागतो. न्यूयॉर्कने 2019 च्या कायद्याने दिवाणी दाव्याची वयोमर्यादा 55 केली, शिवाय जुन्या, मुदतबाह्य दाव्यांसाठी काही काळ खिडकी उघडली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी असा कायदा केला की संस्थेने संगनमताने पुरावा लपवल्यामुळे अत्याचार घडला असं सिद्ध झालं तर भरपाई तिप्पट होऊ शकते. तिथे कागदाला किती वजन आहे ते यावरून कळेल.

झुळूक | मंगळवार, संध्याकाळी 7:41

वकीलसाहेब, एवढा सल्ला फुकट दिलात, आता चहा आमच्याकडून.

मला एक विचारायचं आहे. वकिलाशी झालेला पत्रव्यवहार गोपनीय असतो ना? मग संस्था प्रत्येक पत्राची एक प्रत वकिलाला पाठवेल आणि म्हणेल, हे सगळं गोपनीय.

मैथिली_कोथरूड | मंगळवार, रात्री 10:50

झुळूक, नेमका प्रश्न. असा प्रयत्न होतोच, म्हणून तर ‘प्रिव्हिलेज लॉग’ द्यावा लागतो. जो कागद देत नाही त्याची तारीख, लिहिणारा, कोणाला पाठवला आणि न देण्याचं कारण, असा तक्ता. नुसती प्रत वकिलाला पाठवल्याने पत्र गोपनीय होत नाही, त्यात कायदेशीर सल्ला मागितलेला किंवा दिलेला असावा लागतो. वाद झाला तर न्यायाधीश तो कागद स्वतःच्या दालनात वाचून ठरवतात.

आमच्या पडद्यावर डावीकडे कागद आणि उजवीकडे टॅग असतात. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात शिक्क्यासारखा क्रमांक असतो, तो ओळीने चालतो. 4417 नंतर एकदम 4421 आलं की हात थांबतो. मधली तीन पानं कुठे गेली? लॉगमध्ये आहेत का? नसतील तर टिपण लिहून वर पाठवायचं. हस्ताक्षरातले शेरे आम्ही मजकुरापेक्षा जास्त जपून वाचतो. टाइप केलेलं पत्र चार जणांनी तपासून गेलेलं असतं. समासात पेन्सिलीने ‘बोलणं झालं, फाइल बंद’ असं लिहिणारा माणूस मात्र कोर्टाचा विचार करून लिहीत नसतो.

चर्चच्या दाव्यांत आणखी एक दावा केला जात असे: बिशप आणि धर्मगुरू यांच्यातला संवाद हा धार्मिक घडणीचा भाग आहे, तो मागताच येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने 2005 मध्ये तो फेटाळला. कबुलीजबाबाला संरक्षण आहेच, पण नोकरीच्या फायलीला ते लागू होत नाही.

अभिलेख | बुधवार, सकाळी 8:10

मी पुराभिलेखात काम केलं आहे. फायली नष्ट कशा होतात त्यावर थोडं.

कॅथलिक चर्चच्या कायद्यात बिशपच्या कार्यालयात गुप्त दफ्तर ठेवायची तरतूदच आहे, किल्ली फक्त बिशपकडे. कलम 489 सांगतं की नैतिक गुन्ह्यांच्या प्रकरणांतला दोषी मरण पावला किंवा शिक्षेच्या निकालाला 10 वर्षं झाली की ते कागद दरवर्षी नष्ट करावेत, थोडक्यात सारांश आणि निकालपत्र तेवढं ठेवावं. म्हणजे नष्ट करणं हे नियमाला धरूनच.

फिलाडेल्फियात मात्र वेगळंच घडलं. 1994 मध्ये संशयित धर्मगुरूंची 35 नावांची यादी तयार झाली. तिथले तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल बेव्हिलाक्वा यांच्या हुकमावरून ती यंत्रात घालून फाडली गेली. पण एक प्रत आणि ती फाडल्याची हस्तलिखित नोंद कुलूपबंद तिजोरीत राहिली, आणि 2012 मध्ये फौजदारी खटल्याच्या वेळी ती समोर आली. फाडणाऱ्यांनी फाडल्याची नोंद ठेवली, हे मला विलक्षण वाटतं. कार्यालयाची सवय माणसाच्या इच्छेपेक्षा चिवट असते.

आपल्या शाळा-संस्थांत पत्र गहाळ झालं तरी आवक-जावक रजिस्टर राहतं. अर्ज गहाळ करणारा माणूस रजिस्टरचं पान फाडायला सहसा धजत नाही, कारण मागेपुढे पन्नास नोंदी असतात. कोणी कधी दावा लावलाच तर आधी ते रजिस्टर मागावं.

ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने डिसेंबर 2017 च्या अंतिम अहवालात अशा नोंदी किमान 45 वर्षं ठेवाव्यात अशी शिफारस केली. माणूस उशिरा बोलतो हे लक्षात घेऊन.

समुपदेशक_मृदुला | बुधवार, दुपारी 3:30

सगळे संस्थेच्या फायलींबद्दल बोलताहेत. नाण्याची दुसरी बाजू कोणीच काढली नाही. पीडितांच्या फायलींचं काय?

दावा लावला की प्रतिवादी म्हणतो, तुम्ही मानसिक त्रासाची भरपाई मागता ना, मग तुमच्या समुपदेशनाच्या नोंदी द्या. शाळेचे निकाल द्या, नवऱ्याशी झालेल्या भांडणांच्या नोंदी द्या, दारूचं व्यसन होतं का ते सांगा. हेतू असा की त्रास दुसऱ्याच कशाने तरी झाला हे दाखवावं. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी याच भीतीने फौजदारी तक्रारसुद्धा केली नाही. ‘तुम्ही वहीत लिहिता ते कोण वाचणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यापुढे बरेच दिवस त्या बोलायच्या आणि मी वही बंद ठेवायचे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा एक निकाल यावर आहे. मुलगी 17 वर्षांची असताना तिच्यावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञानेच अत्याचार केला. त्यातून सावरायला ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. दावा लावल्यावर पहिल्याने त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या नोंदी मागितल्या! कोर्टाने काही नोंदी द्यायला लावल्या, पण त्या फक्त त्याच्या वकिलांनी आणि तज्ज्ञांनी बघायच्या, त्याने स्वतः नाही. न्यायमूर्ती ल्युरो-दुबे यांना एवढंही पटलं नाही, त्यांनी वेगळा निकाल लिहिला. मी त्यांच्या बाजूची आहे.

मैथिली, तू ‘बाकी सगळं उघडा’ म्हणालीस त्यात हेही येतं का?

मैथिली_कोथरूड | बुधवार, रात्री 11:15

नाही ताई, ते येत नाही, आणि हे स्पष्ट लिहायला हवंच. संस्थेने मुलांच्या सांभाळाची जबाबदारी घेतली होती, तिच्या फायली त्या जबाबदारीचा हिशोब आहेत. पीडिताच्या नोंदी हा कुठलाच हिशोब नाही. दोघांना एक नियम लावणं मला मान्य नाही.

पण कायदा असा एकतर्फी नाही, हेही खरं. भरपाई मागायची तर नुकसान दाखवावं लागतं. म्हणून वाद चालतो तो हद्दीवर: किती वर्षांच्या नोंदी, कुठल्या विषयाच्या, कोणी बघायच्या. समाजमाध्यमांमुळे मुलांचं नुकसान झालं म्हणून अमेरिकेतल्या राज्यांनी ओकलंडच्या फेडरल कोर्टात जे दावे लावले, त्यातही समाजमाध्यम कंपन्यांनी त्या राज्यांच्या सरकारी खात्यांकडचे कागद मागितले, आणि 2024 मध्ये मॅजिस्ट्रेट न्यायाधीश पीटर कांग यांनी ती मागणी बरीचशी मान्य केली. दावा लावणाऱ्यालाही दार उघडावं लागतं. तिथे सरकार आहे, ते झेपवेल. एकट्या बाईचं तसं नसतं.

टोरांटोतला_नाशिककर | गुरुवार, पहाटे 4:40

कॅनडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. इथे आदिवासी मुलांच्या निवासी शाळा होत्या, सरकारच्या पैशाने आणि चर्चच्या हाताने चालणाऱ्या. उत्तर ऑन्टारिओमधल्या सेंट अ‍ॅन्स शाळेबद्दल प्रांतिक पोलिसांनी 1990 च्या दशकात मोठा तपास केला होता. पुढे भरपाईचे दावे सुनावणीला आले तेव्हा त्या तपासाचे हजारो कागद केंद्र सरकारकडे होते, पण ते दावेदारांना दिलेच नव्हते. जानेवारी 2014 मध्ये न्यायाधीश पॉल पेरेल यांनी ते द्यायला लावले. तोवर काहीजणांच्या सुनावण्या त्या कागदांविना उरकल्याही होत्या. सरकारच फायलीवर बसून राहिलं, हे मला सर्वांत जास्त लागलं.

आणि याच्या अगदी उलट वाद 2017 मध्ये झाला. भरपाईच्या सुमारे 38 हजार दाव्यांत लोकांनी बंद दाराआड जे सांगितलं, त्या कागदांचं काय करायचं? इतिहास म्हणून जपा, असं सरकारचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की 15 वर्षांनी नष्ट करायचे, ज्याने सांगितलं त्याची स्वतःची इच्छा असेल तरच जपायचे. मला हा निकाल फार पटतो. मृदुलाताई, तुमच्या वहीलाही हाच न्याय लागू व्हावा.

अभिलेख | गुरुवार, सकाळी 9:00

अभिलेखपाल म्हणून मला तो निकाल जड जातो. 38 हजार साक्षी नाहीशा झाल्या तर 50 वर्षांनी कोणीतरी म्हणेल, असं काही घडलंच नव्हतं. पण ज्याचं दुःख त्याचा शब्द शेवटचा, हे मलाही नाकारता येत नाही.

मडगांवची_शणै | गुरुवार, दुपारी 12:20

आमच्या मडगावात फ्रेडी पीट्सचं प्रकरण झालं. अनाथ मुलांसाठी ‘गुरुकुल’ चालवायचा. 1991 मध्ये पकडला, 1996 मध्ये जन्मठेप झाली. त्याच्या घरातून दोन हजारांहून अधिक छायाचित्रं सापडली. मुंबईच्या कार्यकर्त्या शीला बारसे यांनी हे प्रकरण तडीला जावं म्हणून केवढी धडपड केली! मुंबईच्या अँकरेज या मुलांच्या आश्रयगृहातल्या अत्याचाराच्या प्रकरणात तर खालच्या कोर्टाची शिक्षा हायकोर्टाने रद्द केली होती, ती 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा कायम केली.

दोन्ही फौजदारी खटले. शिक्षा झाली, पण या मुलांना तिथे येऊ-जाऊ देणारे, ओळखीपाळखीचे, कागदांवर सह्या करणारे कोण होते याची यादी कधी लागली? दिवाणी दावा लावून कपाटं उघडायला लावणं आपल्याकडे घडलंच नाही. मैथिली म्हणते ते आम्हाला हवं होतं.

वकील_ठाणे | गुरुवार, रात्री 8:45

शणैताई, नेमकं बोललात. फौजदारीत माणूस आत जातो, संस्था बाहेरच राहते. पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला जास्त. पण तिथेही पुन्हा तोच प्रश्न: प्रमुखाला कधी कळलं? म्हणून पालकांना माझं सांगणं, तक्रार तोंडी करू नका. दोन प्रती करा आणि एकीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच घरी ठेवा. शाळा पोच देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

प्रभाकर_सांगली | गुरुवार, रात्री 9:30

सगळे प्रतिसाद वाचले. सही करणाऱ्या वरिष्ठांची नावं उघडी असावीत, हे मान्य. ज्याने बदली केली त्याने ती का केली हे सांगायलाच हवं, मी मुख्याध्यापक असताना मलाही सांगावं लागलं असतं.

एकाच निनावी पत्रावर ज्याचं नाव फायलीत गेलं, ज्याची चौकशी कधी झालीच नाही, त्याच्याबाबत मात्र माझं मत बदललेलं नाही. ते नाव न्यायाधीशांनी पान वाचून ठरवल्याशिवाय बाहेर येऊ नये.

मैथिली_कोथरूड | गुरुवार, रात्री 11:30

सर, पान वाचून ठरवणं मला मान्य. फक्त ते न्यायाधीशांनी वाचावं, संस्थेच्या वकिलांनी नव्हे. आणि चौकशी का झाली नाही, याचं उत्तरही त्याच फायलीत शोधावं. कितीतरी वेळा निनावी पत्र हे शेवटचं असतं, आधीची तीन सही केलेली असतात.

वकीलसाहेब, ऑर्डर 11 च्या अर्जाचा नमुना वेगळ्या धाग्यात टाकाल का? शाळा आणि वसतिगृहं डोळ्यांसमोर ठेवून.

वकील_ठाणे | शुक्रवार, सकाळी 7:50

रविवारी टाकतो. अभिलेख, आवक-जावक रजिस्टरबरोबर आणखी कोणकोणती दप्तरं मागावीत याची यादी तुम्ही द्या. हजेरीपट, बदलीचे आदेश आणि कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्तं मी धरली आहेत.

अभिलेख | शुक्रवार, सकाळी 8:25

वसतिगृह असेल तर रात्रीच्या पहारेकऱ्याची वही आणि आजारी मुलांचं रजिस्टर. ही दोन्ही कोणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा शाबूत असतात. बाकी यादी व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.